गिळलेलं वाक्य

माझ्या आईनं माझं नाव ऋजुता ठेवलं. ऋजुता म्हणजे सरळपणा. सत्तेचाळीस वर्षांत मी एकाही माणसाला मनातली गोष्ट सरळ तोंडावर सांगितली नाही, यात आईचा काही दोष नाही.

मी मोडी वाचते. साताऱ्यातल्या जिल्हा मोडी लिप्यंतर केंद्रात आम्ही दोघं वाचक. एक मी, ऋजुता देवस्थळी, आणि दुसरे हणमंत इंगवले. दीडदोनशे वर्षांपूर्वीची सनदपत्रं, निवाडे, पाण्याच्या वाटण्या वाचायच्या आणि त्यांची देवनागरी प्रत शिक्का मारून द्यायची, हे आमचं काम. मोडीत बोरू उचलायचा नाही, शब्दांत फट ठेवायची नाही आणि ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करायची नाही, असा रिवाज असे. त्यामुळे मोडी नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. मनातल्या मनात उच्चारत, चाचपत, शब्द कुठे तुटतो ते ठरवत जावं लागतं.

पूर्वी आम्ही मोठ्यानं वाचायचो आणि संगणक टिपून घ्यायचा. एका खोलीत दोन वाचक म्हणजे भाजी मंडईच. मग दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार एकेचाळीस साली, कंठपट्ट्या आल्या.

कंठपट्टीचं शास्त्र समजायला अवघड नाही. बोलण्याआधी मेंदू जिभेला, टाळूला आणि स्वरयंत्राच्या स्नायूंना हुकूम सोडतो. आपण तोंड मिटून मनात वाचतो, तेव्हाही हा हुकूम सुटतोच, फक्त फार क्षीण असतो. स्नायू हलल्यासारखे दिसत नाहीत, पण त्यांच्यात विजेची बारीक लहर येऊन जाते. गळ्याला चिकटवलेली बोटभर रुंदीची पट्टी ती लहर पकडते. लहर अस्पष्ट असते, म्हणून पट्टीच्या मागचं यंत्र अंदाज बांधतं. अर्धवट ऐकलेलं वाक्य आपण संदर्भावरून पुरं करतो ना, तसंच. कागद जुना असेल तर ते जुन्या वळणाचे शब्द जुळवतं.

आता माणूस वाचताना दुसरंही काहीबाही मनात बोलतो. गॅस बंद केला का, हा फोन कुणाचा वाजतोय. त्यासाठी यंत्रात एक चाळणी होती. समोरचा कॅमेरा वाचकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचा. डोळे कागदावर असतील तर गळ्यातला शब्द कागदाचा. डोळे हलले, मान वर झाली, तर तो शब्द वाचकाचा, आणि तो टाकून द्यायचा. कंपनीचा माणूस म्हणाला होता, "माणूस ज्याच्याबद्दल विचार करतो, त्याच्याकडे बघतोच." त्या बिचाऱ्याची आणि माझी ओळख नव्हती.

पट्ट्या आल्या आणि खोलीत शांतता पसरली. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. मग त्या शांततेत मला इंगवल्यांची डबी ऐकू यायला लागली.

बडीशेपेची स्टीलची डबी. अंगठ्यानं झाकण उघडायचं, टक्. बोटानं मिटायचं, टक्. बडीशेप दिवसातून चारदा खायचे, झाकण मात्र चारशे वेळा वाजायचं. वाचताना एखादा शब्द अडला की टक्. सुटला की टक्.

सांगायला किती सोपं होतं! "इंगवले, जरा ती डबी वाजवू नका." सात शब्दसुद्धा नाहीत. पण मी सांगितलं नाही. मी उसासे टाकले. मग कानावर हेडफोन चढवले आणि ते चढवताना इंगवल्यांना दिसेल असे चढवले. मग केंद्राच्या गटावर संदेश टाकला, 'सर्वांना नम्र विनंती, शांततेचा लाभ सर्वांना मिळावा.' सर्व म्हणजे आम्ही दोघं आणि केंद्रप्रमुख मुजावर मॅडम. लेकी बोले सुने लागे. इंगवल्यांनी त्या संदेशाला हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि पाच मिनिटांनी डबी वाजली.

इंगवलेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. माझ्या डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास त्यांना खपत नसे. तसं ते कधी बोलले नाहीत. मी डबा उघडला की उठून खिडकी सताड उघडायचे आणि शिपायाला मोठ्यानं सांगायचे, "बाईंना गुदमरायला नको, काय?" मग मी चटणीचं प्रमाण वाढवलं.

आणि मुख्य म्हणजे मी त्यांच्याकडे बघायचं सोडलं. टक् झालं की मी दात आवळून कागदावर डोळे रोवायची. एकदाही मान वर करायची नाही, एवढा माझा निग्रह. त्याचा मला अभिमानसुद्धा होता.

जानेवारीत एका सकाळी टेकवाडीहून शालन मदने नावाच्या बाई आल्या. साठी उलटलेली, कपाळाला आठ्या, हातात आमच्या शिक्क्याची प्रत. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"हे तुमीच वाचलंय न्हवं, बाई?"

मी पाहिलं. माझीच सही. निंबसर गाव आणि त्याच्या वरच्या अंगाची टेकवाडी यांच्यातल्या पाटाच्या पाण्याचा निवाडा, अठराशे बावन्नचा. नव्या कायद्यानं जुने पाणीहक्क पुन्हा मान्य झाले होते आणि पाणी लवाद आमच्या प्रतीवर निकाल देत असे.

"यात लिवलंय, वाडीस पाटाचे पाणी चार रोज द्यावे, पुढे बंद करावे. रोज म्हंजे दिवस. चार दिवस पानी, आन् मग बंद. निंबसरकरांनी तुमचा कागद दावला आन् पाटाला कुलूप घातलं. वीस दिवस झालं. माजं दीड एकर आल्याचं पीक उभं वाळतंय."

"कागदात असेल तेच आम्ही लिहितो, ताई."

"आसंल. पन आमच्या आज्याच्या आज्यापास्नं चार दिवस आमी, चार दिवस त्ये, आशी पाळी हाय. बंद कंदीच न्हवतं. तुमी येकदा बगा तरी."

"बरं, बघते हं. असू दे इथे." माझं हे 'असू दे' म्हणजे 'आता निघा'. शालनताई निघाल्या नाहीत. समोरच्या बाकावर बसून राहिल्या. शेवटी नाइलाजानं मी मूळ कागद काढला.

'चार रोज द्यावे'पर्यंत शाई ठसठशीत होती. त्यापुढे कसरीनं कागद खाल्ला होता, दोन बोटं रुंद भोक. भोकानंतर ओळ पुन्हा सुरू, 'येणेप्रमाणे चालवावे'. 'पुढे बंद करावे' हे शब्द कुठेच नव्हते. असायला तिथे कागदच उरला नव्हता.

मग मी काय वाचलं होतं?

यंत्र प्रत्येक वाचनाची कच्ची नोंद ठेवतं. अंदाज बांधायच्या आधीचं, गळ्यातून जसं आलं तसं. आम्ही ती कधी उघडत नसू. मी उघडली. त्या दिवसाची नोंद अकरा पानांची होती, आणि सातव्या पानावर ते होतं.

'वाडीस पाटाचे पाणी चार रोज द्यावे पुरे आता बंद कर.'

पुरे आता, बंद कर. डबी. मला तो क्षण आठवलाही नाही, इतके ते क्षण होते. डोळे कागदावर रोवलेले, म्हणून चाळणीनं ते वाक्य कागदाचं मानलं. त्या दिवसाची बाकीची बडबड निवाड्यात कुठेच बसेना म्हणून यंत्रानं गाळली होती, पण हे अठराशे बावन्नच्या वळणाला शोभेल असं नीट बसवलं. 'पुरे'चं 'पुढे' झालं, 'बंद कर'चं 'बंद करावे'. छपाईनंतर ताडून बघायचं काम माझंच. तेही मी दात आवळूनच केलं असणार.

माझे कान तापले. समोर शालनताई पदरानं चष्मा पुसत बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना, पण मी बघितलं.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "कागदात ते नाही. मी लवादापुढे येऊन सांगेन."

"कवा?" एवढंच त्यांनी विचारलं.

मुजावर मॅडमच्या खोलीत मी सगळं सांगितलं. तय्यबा मुजावर बाई शहाणी आणि कामाला वाघ. त्यांनी कागद पाहिला, कच्ची नोंद पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"परवा लवादाची सुनावणी आहे. वाचनदोष म्हणून दुरुस्ती-पत्र काढू," त्या म्हणाल्या. "कारण लिहायची गरज नाही."

"चालेल का लवादाला?"

चालणार नव्हतं. निंबसरचे वकील म्हणणार, बाईंनी पहिल्या खेपेला भोकाच्या काठची पुसट शाई वाचली आणि आता दबावाखाली फिरल्या. शिक्क्याची प्रत खोटी ठरवायची तर ते शब्द आले कुठून, हे दाखवायला हवं. म्हणजे कच्ची नोंद, अकराच्या अकरा पानं, लवादापुढे वाचायची. शिवाय दुसऱ्या वाचकाची साक्ष लागणार.

"दुसरा वाचक म्हणजे इंगवले," मॅडम म्हणाल्या. "ऋजुता, त्यात काय काय आहे ते तू वाचलंस ना? तुझी नोकरी जाऊ शकते. आणि तो माणूस... त्याला काय वाटेल?"

"त्यांना मीच सांगते. आज."

खोलीत परत आले. इंगवले वाचत होते. मी त्यांच्या टेबलाजवळ उभी राहिले आणि दोन वर्षांत प्रथम त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मिशी पांढरी झाली होती. कधी झाली कोण जाणे.

"नाही, म्हणजे सहजच," मी सुरुवात केली. जित्याची खोड! मी थांबले, श्वास घेतला. "सहज नाही. इंगवले, तुमच्या डबीच्या आवाजाचा मला त्रास होतो. दोन वर्षं होतोय."

त्यांनी हातातल्या डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग सांगायचं की हो!"

"सांगायला हवं होतं."

"दोन वर्षं? आणि ते हेडफोन? ते उसासे?" त्यांचा आवाज चढला. "बाई, खरं सांगू? पहिले सहा महिने मला कळलंच न्हाई. पण हेडफोनचं कळलं. त्याच्यापुढं मी मुद्दाम वाजवली."

"मुद्दाम?"

"मुद्दामच. तुम्ही गटावर 'सर्वांना' म्हणून लिवलं, त्या दिवशी तर दुपारभर वाजवली." त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "चटणीचं काय?"

"चटणी मुद्दामच," मी म्हणाले.

त्यांना हसू आलं असतं, पण मी त्यांच्यापुढे अकरा पानं ठेवली. टेकवाडीचं सगळं सांगितलं. "परवा हे चारचौघांत वाचलं जाईल. तिथे पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा आज वाचा. आणि साक्षीला या, अशी विनंती आहे."

ते वाचू लागले. मी उभीच होते. तिसऱ्या पानापर्यंत त्यांचा चेहरा बरा होता. डबीचा उद्धार, मिशीचा उद्धार, खाकरण्याचा उद्धार. सातव्या पानाच्या तळाशी ते थांबले. तिथे काय आहे, ते मला ठाऊक होतं. 'वेड्यासारखा अडतोय. याला मोडी येतंच कुठे. चाळिशीत शिकलेला दुकानदार.'

इंगवल्यांचं राजवाड्याजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद पडल्यावर त्यांनी चाळिसाव्या वर्षी, शाळकरी पोरांच्या शेजारी बसून मोडी गिरवली. मी मात्र आजोबांच्या मांडीवर शिकले. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला वाटायचं, हा माझा चांगुलपणा.

त्यांनी पानं नीट जुळवून माझ्या हातात दिली, पिशवी उचलली आणि निघून गेले. दुपारचे तीन वाजले होते.

मला रडू आलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक बोलघेवड्यांना म्हणतात. माझी जीभ तर मी उचललीही नव्हती. तरी एका बाईचं पीक वाळलं आणि एका माणसाची बारा वर्षांची मेहनत मी पायाखाली घातली. डोळे पुसले आणि शपथपत्र लिहायला बसले. इंगवले आले नाहीत तरी मी जाणार होते.

दुसऱ्या दिवशी त्यांची रजा होती.

लवादाची सुनावणी त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. एका बाजूला निंबसरचे चार लोक आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला शालनताई आणि वाडीतली काही माणसं. मी चूक कबूल केली. अधिकारी म्हणाले, "फक्त संबंधित ओळ वाचा."

वकील उठले. "माफ करा, सगळं पान वाचावं. मागे-पुढे काय चाललं होतं ते कळल्याशिवाय ही ओळ कशावरून कागदातली नाही?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी सातवं पान हातात घेतलं. तेवढ्यात दार उघडलं आणि इंगवले आत आले. शेवटच्या खुर्चीवर बसले.

मी वाचलं. 'पुरे आता बंद कर' आलं तेव्हा मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी पुढे गेले. 'याला मोडी येतंच कुठे' यायच्या आधी मी पान सरळ केलं. ते वाक्य गिळून पुढच्यावर जाणं अगदी सहज जमलं असतं, जन्मभर तेच तर केलं होतं. मी ते स्पष्ट, ऐकू येईल असं वाचलं. 'चाळिशीत शिकलेला दुकानदार' हेही वाचलं. आता कुणी हसलं नाही.

"हे कुणाबद्दल?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझे सहकारी हणमंत इंगवले. ते इथे आहेत. हे खोटं आहे आणि माझ्या मनात होतं, या दोन्ही गोष्टींची मला लाज वाटते."

वकील पुन्हा उठले. "म्हणजे वाचकबाईंचं लक्षच नव्हतं! मग भोकाच्या जागी काही नाही, हेही त्यांचंच म्हणणं कसं मानायचं? काठावर पुसट काही असेलही."

शालनताई माझ्याकडे बघू लागल्या.

"मी बघू का कागद?" मागून इंगवल्यांचा आवाज आला.

ते पुढे आले. गळ्याला पट्टी नव्हती. खिशातून घड्याळजीचं भिंग काढून त्यांनी डोळ्याला लावलं आणि कागदावर वाकले. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझ्या लक्षात आलं, हा माणूस अडतो तेव्हा त्याला येत नसतं म्हणून अडत नाही. तो सोडत नाही, म्हणून अडतो.

"काठावर पुसट काहीतरी आहे," इंगवले म्हणाले.

निंबसरची माणसं सावरून बसली.

"भोकातल्या पहिल्या अक्षराचा काना. त्याचा शेंडा वरच्या काठाला शिल्लक आहे, हे बघा." त्यांनी भिंग अधिकाऱ्यांना दिलं. "बाईंच्या प्रतीत तिथं 'पुढे' आहे. 'पु'ला काना कुठनं येणार? आणि उजव्या काठाला 'ज'ची शेपटी राहिली आहे. म्हणजे भोकात काना असलेल्या अक्षरानं सुरू होणारा आणि 'ज'वर संपणारा मजकूर होता. मी म्हणतो, 'गावास चार रोज'. वाडीस चार रोज द्यावे, गावास चार रोज, येणेप्रमाणे चालवावे. वाक्य आता कुठं पुरं झालं."

हे मला दिसलं नव्हतं. त्या कागदासमोर मी दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा भोक म्हणजे भोक, असं म्हणून मोकळी झाले होते.

अधिकाऱ्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं, मग वकिलांना दाखवलं. वकिलांनी पाहिलं आणि भिंग परत केलं. अर्ध्या तासात आदेश झाला. प्रत रद्द, पाळी पूर्ववत, पाटाचं कुलूप आजच काढावं. आणि माझ्या दोन वर्षांच्या सगळ्या प्रती, सहाशे बारा, पट्टीशिवाय पुन्हा वाचाव्यात. तोवर माझी सही चालणार नाही, इंगवल्यांची चालेल.

शालनताई माझ्यापाशी थांबल्या नाहीत. त्यांना पाट सुटताना तिथे हजर राहायचं होतं. जाताना इंगवल्यांना मात्र हात जोडून गेल्या. तेच बरोबर होतं.

बाहेर पायऱ्यांवर मी इंगवल्यांना गाठलं.

"इंगवले, मी चुकले. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं मोडी वाचता येतं. आणि सहाशे बारा कागद मला एकटीनं वाचायचे नाहीत. तुम्ही शेजारी बसून तपासाल का? मोठ्यानं वाचेन मी. माझं चुकलं की तिथल्या तिथे टोका."

ते भिंग रुमालानं पुसत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"बसेन. पण बाई, एक सांगून ठेवतो. माझा राग गेलेला न्हाई. लई लागलंय ते मला."

स्वतःला काय लागतं याबद्दल दोन वर्षांत त्यांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट होती, जी खिडकीला, शिपायाला किंवा डबीला ऐकवलेली नव्हती. मला वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

"राग जाईपर्यंत रोज सांगा," मी म्हणाले. "मी ऐकेन."